एक टोक आईच्या हाती

मित्रांनो, मी विहिरीवरचा जुना दोर आहे. जाडजूड, खरबरीत आणि चांगलाच वजनदार. तुमच्या उड्या मारायच्या रंगीत दोऱ्या माझ्याशेजारी ठेवल्या, तर हत्तीजवळ शेळ्या बांधल्यासारखे दिसेल. तरी उतारवयात मीसुद्धा उड्यांचाच दोर झालो. ते कसे घडले हे आठवले, की आजही माझ्या पिळापिळातून शहारा जातो.

माझा जन्म एका लांबलचक अंगणात झाला. दोर वळणाऱ्याची बायको घायपाताच्या वाखाचे पेड आकड्याला अडकवून फिरवी आणि तो पेड जुळवत मागे मागे चालत जाई. काम संपल्यावर त्याने मला झाडाला बांधून सगळ्या अंगाचा भार टाकून ओढून पाहिले. मी हूं की चूं केले नाही. तो खूश झाला.

मग कितीतरी वर्षे मी विहिरीवर राबलो. बाया म्हणत, "हाताला चावतो मेला, पण दगा देत नाही." उन्हाळ्यात पाणी तळाला जाई, तेव्हा माझे टोक पार काळोखात बुडे. त्या दिवसांत माझी एक पक्की समजूत झाली होती. जगातली प्रत्येक वस्तू खाली जाते आणि तिला वर आणायचे तर कोणाला तरी ओढावेच लागते.

पुढे पंप आला. बटण दाबले की पाणी आपोआप वर. माझे वेटोळे दूधवाल्याच्या गोठ्यात खुंटीवर जाऊन बसले. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले, उंदरांनी माझी चव घेऊन पाहिली. गाई तेवढ्या कधीमधी माझ्याकडे बघत.

दूधवाल्याची थोरली मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. शाळेतल्या सगळ्या मुली तिला ताई म्हणत. एका संध्याकाळी ती वडिलांशी वाद घालत गोठ्यात आली.

"गावातल्या पोरींना कसला आलाय व्यायाम?" दूधवाला धार काढता काढता म्हणाला. "आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळचं सोडा हो बाबा. आता शाळेला बस, पाण्याला नळ आणि संध्याकाळी मोबाइल. मुली तर जरा मोठ्या झाल्या की खेळायच्या बंदच होतात. शाळेत येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, माझं भाषण ऐकून मुली जांभया देतात, तुम्हा मोठ्या मुलींचं ऐकतील. मोठ्यांनी धाकट्यांना सोबत घेऊन खेळायचं. मला आठवीच्या मुली दिल्यात."

"मग घे की!"

"कशानं खेळू? चेंडू सगळे मुलांनी पळवलेत."

एवढे बोलून तिने सहज वर पाहिले. नजर थेट माझ्यावर! तिने मला खाली ओढले आणि झटकले. कोळ्यांची एकच पळापळ झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या मैदानात ताईने आणि तिच्या मैत्रिणीने मला दोन टोकांना धरून फिरवले. मी जमिनीवर धप्पकन आपटलो, धूळ उडाली. एक मुलगी बिचकत आत शिरली आणि तिने उडी मारली. मित्रांनो, मी थक्क झालो. तिला कोणी ओढले नव्हते. वर कप्पी नव्हती. तरी तिचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटले होते आणि मी त्यांच्याखालून अलगद निघून गेलो होतो! एवढे वजन आपल्याच बळावर वर जाते? मी पुन्हा पुन्हा खालून जाऊन खात्री करून घेतली.

हळूहळू बऱ्याच मुली येऊ लागल्या. शिंपीणबाईंची मुलगी मात्र कुंपणाच्या भिंतीवर बसून राही. तिला सगळ्या 'काच' म्हणत. लहानपणी तिला मोठा ताप आला होता, महिनेच्या महिने ती अंथरुणात होती. तेव्हापासून तिची आई तिला पळू देत नसे, जिना भरभर चढू देत नसे. तडा जाईल म्हणून सगळे तिला जपत आणि त्याच कारणाने चिडवतही.

एकदा ताईने तिला दंडाला धरून खाली ओढले. "किती दिवस बसणार? चल!" काच आत आली आणि जागच्या जागी गोठली. मी तिच्या नडग्यांवर सपकन बसलो. बाकीच्या हसल्या. ती रडत घरी गेली. इतक्या वर्षांत मी कोणाला मारले नव्हते. मला धुळीत तोंड लपवावेसे वाटले. त्या दिवशी ताई माझ्या वेटोळ्यावर एकटीच बसून राहिली.

दोन दिवसांनी काच पुन्हा भिंतीवर दिसली. ताई तिच्याशेजारी जाऊन बसली.

"परवा चुकलं माझं. उडी नको मारूस. नुसता दोर फिरवशील? माझा खांदा भरून येतो गं."

काचेने माझे टोक धरले. तिचा तळहात गार होता. थोडे फिरवून होते न होते तोच तिने मला सोडले आणि छातीवर हात ठेवला.

"दुखतंय?" ताईने विचारले.

"नाही. धडधडतंय."

"माझं पण. हे बघ." ताईने तिचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला.

काच डोळे मोठे करून ऐकत राहिली. "ताई, सगळ्यांचंच असं होतं?"

"दमल्यावर? सगळ्यांचंच. गाईचंसुद्धा!"

त्या पोरीला इतकी वर्षे वाटत होते, की छाती धडधडणे म्हणजे आजार परत येणे. हे तिने कोणाला विचारलेही नव्हते.

नर्सबाईंनी तिला तपासले, मोठ्या डॉक्टरांकडेही पाठवले. दोघांनी सांगितले, हृदय ठणठणीत आहे, खेळू द्या. पण आईचा जीव तो! एका संध्याकाळी काच पहिल्यांदा उडीसाठी उभी राहिली आणि नेमक्या तेव्हाच शिंपीणबाई मैदानात आल्या. गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती.

"घरी चल."

"आई, एकदाच."

"अगं, ती आजारपणं मी काढलीत. तुला काय आठवणार?"

ताईने वाद घातला नाही. ती माझे टोक घेऊन त्यांच्यासमोर आली.

"काकू, हे तुम्ही धरा. थांबवावंसं वाटलं की सोडून द्या. दोर पडेल, ती थांबेल."

शिंपीणबाईंनी मला धरले. सुया टोचून टोचून निबर झालेल्या त्या बोटांनी मला अगदी सैल धरले होते, केव्हाही सोडता यावे असे. मी संथ फिरू लागलो. काच ओठांतल्या ओठांत ताल धरून आत आली. उडाली. पुन्हा उडाली. मी श्वास रोखून वाट पाहत होतो, आता सुटेन, आता सुटेन. पण आईची मूठ घट्ट होत गेली. मग तिचा हात लेकीच्या पावलांबरोबर चालू लागला आणि बघता बघता वेग वाढला. उड्या मोजायच्या सगळ्याच विसरल्या.

काच थांबली तेव्हा लालबुंद झाली होती आणि खदखदून हसत होती. शिंपीणबाईंनी सर्वांदेखत तिच्या छातीला कान लावला.

"बाई गं!" त्या म्हणाल्या. "केवढ्यानं वाजतंय!"

हे शब्द भीतीचे नव्हते. एखाद्याने पहिल्यांदा समुद्र ऐकावा, तशा त्या ऐकत उभ्या होत्या.

मित्रांनो, आपटून आपटून माझे मधले वाख आता सुटू लागले आहेत. तिथे शिंपीणबाईंनी जाड कापड शिवून दिले आहे. खेळ झाला की मला ओल्यात टाकू नका, कोरड्या जागी ठेवा, एवढे माझ्यासाठी करा. आणि भिंतीवर कोणी एकटे बसलेले दिसले, तर त्याला हसू नका, ओढूही नका. आधी शेजारी जाऊन बसा.

परवा ताईचा मैदानातला शेवटचा दिवस होता. ती शिकायला शहरात निघाली आहे. काच आता स्वतः धाकट्या मुलींना शिकवते. ती एका टोकाला होती. ताई बाजूला उभी राहून डोळे पुसत होती.

"ताई, पाहुण्यासारखी काय उभी राहिलीस?" काच ओरडली. "ये आत!"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की ही ताई वर्षभर मला नुसती फिरवतच राहिली होती. चपला भिरकावून ती धावत आली, आणि पहिल्यांदाच मी तिच्या पायांखालून गेलो.