अक्कांपुढं मी हरलो

मी शब्दकोश बोलतोय, नळदुर्गच्या पंचाक्षरी गुरुजींचा. साठ हजार शब्द माझ्या पोटात! पहिल्या पगारात त्यांनी मला सोलापूरहून आणलं, तेव्हापासून माझ्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर गुरुजी घराण्याचा इतिहास लिहायला बसले. वडिलांच्या पुण्यस्मरणाला सगळं घर जमतं, तेव्हा तो वाचायचा होता. गुरुजी सहा महिन्यांचे असतानाच वडील गेले. आठवण काहीच नाही, म्हणून ते माझ्यातले भारी भारी शब्द वेचून घ्यायचे. मी फुलून जायचो.

आधी घरातच वाचून पाहिलं. दुसऱ्या पानाला नात शिवरंजनी मोबाइलमध्ये बुडाली. गुरुजींचा आवाज बारीक झाला. तरी रेटून वाचलं, 'पिताश्रींच्या पार्थिवावर अग्निसंस्कार करण्यात आला.'

शेंगा फोडत बसलेल्या थोरल्या बहिणीचा, जगदेवीअक्कांचा हात थांबला.

"आप्पास्नी जाळलं कवा रं? आपण लिंगायत. मळ्यात खड्डा काढून मांडी घालून बसवलं की. गळ्यातलं लिंग डाव्या तळव्यावर ठिवलं. आई म्हणली, ह्यास्नी ऊन लागंल, कडंला लिंब लावा. तू माझ्या कडंवर व्हतास, बेलाचं पान चावत."

अग्निसंस्कार हा शब्द माझाच. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवरंजनीनं मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाली, "मग काय झालं, आजी?"

झालं! त्या दिवसापासून अक्का सांगायच्या, गुरुजी तसंच्या तसं उतरवायचे. मला कुणी हातही लावेना. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, अन् तिच्यापुढं मी अडगळ? माझा नुसता जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू, अक्कांना विसर पडावा असंसुद्धा मनात आलं.

पुण्यस्मरणाला वाचन झालं तेव्हा ताटातली गव्हाची गोड हुग्गी गार झाली, पण कुणी उठलं नाही. नंतर अक्कांनी विचारलं, ह्यात आप्पा कुठं हायत? गुरुजींनी त्यांचं बोट 'आप्पा' लिहिलेल्या ओळीवर ठेवलं. अक्कांना वाचता येत नाही, तरी बोट तिथंच राहिलं. गुरुजी लहान पोरासारखे रडले. माझ्या एका शब्दानं त्यांना कधी रडू आलं नव्हतं.

हेवा वाटतो हो, अजून वाटतो. तरी सांगतो, घरचं लिहायला बसाल तेव्हा आधी थोरल्यांना विचारा, मग मला उघडा. मी फळीवर आणखी पन्नास वर्षं राहीन. अक्का ब्याऐंशीच्या आहेत.