मागून घेतलेलं झाड

आईच्या दहाव्याचे विधी उरकून मयूरी खाडीवरून परतली ती थेट परसातल्या झाडांवरच्या हिरव्या जाळीखाली गेली. आईचं निळं झाड तिथे नव्हतं. कुंडी होती, माती होती, आणि मातीत बोटभर खोड.

ते झाड आईने, सुषमाने, स्वतः बियांपासून केलेलं. निळसर जाड पानं, कडेला लाल रेघ. बाकीची असल्या जाड पानांची सक्युलंट ती पानं मातीवर टेकवून शेकड्यांनी वाढवायची. याचं मात्र एकही पान तिने तोडलं नव्हतं. "अजून अंगानं भरू दे," म्हणायची. मग तीच आजारी पडली. त्या जातीचं हे एकच झाड होतं. नुसतं खोड धड राहिलं असतं तरी त्याला फुटवे आले असते. पण ओढताना तेही मधोमध चिरलं होतं.

ओटीवर बायका जेवणाच्या पंगतीची वाट बघत होत्या.

"मागचं झाड कोणी तोडलं?" मयूरीने विचारलं.

बायकांनी पर्सा जवळ ओढल्या. मग रतनआत्या हसली. "अगं, तोडलं काय म्हणतेस? आठवण म्हणून पान पान घेतलं सगळ्यांनी. मागून घेतलेलं झाड मूळ धरत नाही, चोरून नेलेलंच धरतं. तुझ्या आईलाही ठाऊक होतं."

"काढा."

"काय?"

"पर्सा उघडा. पानं काढा."

"मयूरी, आजचा दिवस काय," जतीनकाका दारातून म्हणाला.

"दिवस मला माहीत आहे, काका."

शेजारच्या आनंदीबाईंनी कमरेचा बटवा सोडला. मग एकेकीने रुमाल, पाकिटं उलगडली. मयूरीने प्रत्येक पान उचलून त्याचं बूड पाहिलं. पान हलकं पिरगळून बुडासकट सुटलं तरच त्याला कोंब येतो. ही सगळी ओरबाडलेली, अर्ध्यातून तुटलेली होती. यातलं एकही जगणार नव्हतं. जगलाच तर शेंडा जगला असता.

"शेंडा कोणाकडे आहे?"

आत्याने पर्स मांडीखाली सरकवली. "तेवढा राहू दे गं. माझी भावजय होती ती."

"भावजय होती तेव्हा ती हायवेला, अच्छाडच्या ढाब्याशेजारी टेबल टाकून झाडं विकायची. तू गाडीची काच वर करून निघून गेलीस. चिकूच्या वाडीवाल्यांची सून हायवेवर बसते म्हणून."

"कोण काय बोलेल, ते बघावं लागतं."

"आणि चार महिने अंथरुणाला खिळून होती तेव्हा कुठे होतीस?"

आत्याने पर्स उघडली. शेंडा ओल्या रुमालात घट्ट गुंडाळलेला होता. संध्याकाळपर्यंत कुजला असता. मयूरीने तो सोडवला, त्याचं तुटलेलं टोक पदराने टिपलं आणि तो फळीवर सावलीत आडवा ठेवला. जखम सुकेपर्यंत त्याला माती नको होती, पाणी तर नकोच.

"म्हणजे मला तिचं काहीच नाही?" आत्या आता रडत होती.

मयूरी जाळीखालून एक साधं, बुडाशी पिल्लं फुटलेलं लेकुरवाळं झाड घेऊन आली. अशी तिथे ढिगाने होती. तिने ते आत्यासमोर धरलं. आत्याने हात पुढे केला. मयूरीने कुंडी मागे घेतली.

"माग."

"दे ना."

"असं नाही. नीट माग."

आनंदीबाई पुटपुटल्या, "पोरी, मोठी आहे ती." मयूरीने ऐकलं, पण हात तसाच ठेवला.

"मयूरी," आत्या शेवटी खाली बघत म्हणाली, "सुषमाचं एक झाड मला देशील?"

मयूरीने कुंडी तिच्या हातात दिली. "पंधरा दिवसांतून एकदा पाणी घाल. जास्त माया नको."

तिला वाटलं होतं, आत्याने मागितलं की राग उतरेल. तो उतरला नाही. ती आत गेली, जेवणाची पानं मांडली आणि आत्याला सगळ्यांआधी वाढलं. वाढताना एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.