एकशे बारा उत्तरं

उमरखेडात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या सुरभीनं नऊ वर्षांपूर्वी मोटारपंप दुरुस्त करणाऱ्यांसाठी इंटरनेटवर एक फोरम सुरू केला. सॉफ्टवेअर खुलं, फुकट मिळणारं. तिनं ते सर्व्हरवर एकेक भाग हातानं जोडत बसवलं होतं. उत्तरं मात्र ढाणकीच्या देवीलाल राठोडांची. त्यांचा अर्धा जन्म जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात, वाइंडिंगमध्ये गेलेला, पण लिहिता येत नव्हतं. सुरभी रविवारी जाऊन लोकांचे प्रश्न वाचून दाखवायची, त्यांचं उत्तर फोनमध्ये रेकॉर्ड करून फोरमवर टाकायची आणि फोनमधून पुसून जागा मोकळी करायची. अशी एकशे बारा उत्तरं झाली, आणि मागच्या हिवाळ्यात देवीलाल गेले.

त्यानंतर त्यांची बायको सुखीबाई बाजारच्या दिवशी क्लासमध्ये येऊ लागली. सुरभी तिच्या कानाला हेडफोन लावून द्यायची. कपॅसिटर, बेअरिंग असलं काहीबाही ती डोळे मिटून ऐकायची आणि चारच्या एसटीनं परत जायची.

मार्चमध्ये फोरमच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी कळवलं, की हातानं बसवलेल्या फोरमला आता अपडेट मिळणार नाहीत. सगळ्यांनी कंटेनरवर यावं. कंटेनर म्हणजे अख्खं सॉफ्टवेअर एका तयार डब्यात. अपडेट आलं, की जुना डबा टाकून नवा आणायचा. जे जपायचं, ते डब्याबाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवायचं.

सुरभीनं दोन दिवस बसून फोरम नव्या सर्व्हरवर हलवला. लेख आले, फोटो आले. रेकॉर्डिंगं तिनं पूर्वी आपल्या सोयीनं वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवली होती, ती मागं राहिली. तिनं ती घाईघाईनं डब्यातच कॉपी केली. वाजवून पाहिली, वाजली. आठवड्यानं तिनं स्वतःच सर्व्हरवाल्यांना जुना सर्व्हर बंद करायला सांगितलं.

एप्रिलमध्ये अपडेट आलं. नवा डबा उभा राहिला आणि एकशे बारा जागी नुसती रिकामी बटणं उरली. बॅकअप उघडला, त्यात ठराविक फोल्डर तेवढे होते, रेकॉर्डिंगांचा नव्हता. सर्व्हरवाल्यांना फोन केला, तर जुनी डिस्क कधीच पुसली गेली होती. फोरमवर विचारलं, कोणी डाउनलोड करून ठेवलंय का. कोणीच ठेवलं नव्हतं. लागलं की तिथंच ऐकायचे सगळे.

बाजारच्या दिवसाची वाट न पाहता सुरभी ढाणकीला गेली आणि ओट्यावर बसून तिनं सगळं सांगितलं. सुखीबाईला डब्याचं काही समजलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "एका ठिकाणी मले हाक मारलती त्यायनं. मोटारीचं सांगता सांगता. पाणी मांगतलं. ते तं असंन ना?"

"नाही काकू. तेही गेलं."

"काहून गेलं?"

"माझ्या हातानं गेलं. मी नीट तपासलं नाही."

 सुखीबाई उठून आत गेली. सुरभी थांबली, पण ती बाहेर आली नाही.

महागावच्या जमीर मेकॅनिकनं ती उत्तरं काम करता करता इतक्यांदा ऐकली होती, की त्याला पाठ होती. त्यानं चाळीसेक उत्तरं शब्द न् शब्द लिहून पाठवली. सुरभीनं ती छापून घेतली. दोन महिन्यांनी सुखीबाई क्लासच्या दारात आली, तेव्हा तिला बसवून सुरभी वाचू लागली. "मोटार गरम होऊन राह्यली असंन तं पहिले हात लावून पाह्य. घाई नोको करू..."

सुखीबाईनं कागदावर हात ठेवला.

"बोलनं त्यायचंच हाये," ती म्हणाली. "आवाज तुहा हाये, पोरी. नोको वाचू."

सुरभीला रडू आवरेना. सुखीबाईनं तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, पिशवी उचलली आणि स्टँडकडं निघून गेली. त्यानंतरही ती बाजाराला येत राहिली, पण क्लासमध्ये आली नाही.