धुतलेल्या चादरी

“मास्तर, यात राख कुठाय?” चष्मा पुसून, राखेच्या तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांनी पुन्हा वर पाहिलं.

शिंपीमास्तर एकेक चादर उलटून पाहू लागले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत होत्या. काहींमधून अजून पाणी ठिबकत होतं. पलीकडे वीजकेंद्राची चिमणी निवांत धूर सोडत होती.

कल्पना मास्तरांचीच. कोळशाच्या या केंद्राला दुसऱ्या चिमणीची परवानगी मिळू नये म्हणून वस्तीने अर्ज केले, मोर्चे काढले, घसे कोरडे केले; कोणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी मास्तर सभेत म्हणाले, “घरोघरी एक पांढरी चादर आठवडाभर बाहेर टांगू. मग बघू, कोण म्हणतं राख पडत नाही!” दुकानातलं कापड फाडून त्यांनीच चादरी शिवल्या. सभेला झाडून सगळे पुरुष. घरी जाऊन प्रत्येकाने बायकोला एवढंच सांगितलं की ही टांगून ठेव. कशासाठी, हे बायकोला सांगत बसायला वेळ कुणाला असतो!

मास्तरांनी तर मुद्दामच सांगितलं नव्हतं. बायकोच्या छातीत राख बसली आहे, आता फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितल्यापासून घरात राखेचं नाव निघत नसे. तिला ते म्हणत, “साधा दमा आहे, जाईल.” मोर्चा कशाचा, असं तिने विचारलं तर म्हणत, “जागेची भानगड आहे.”

काल संध्याकाळी साहेब येणार असल्याचा निरोप आला आणि पुरुष मंडळी निर्धास्त झोपली. बायकांचं काम मात्र तिथून सुरू झालं.

मास्तरांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. तेवढ्यानेही तिला धाप लागली होती.

“पहाटेच उठवलं सगळ्यांना,” ती म्हणाली. “काय अवतार झाला होता चादरींचा! बाहेरची माणसं येणार आणि दारात ही लक्तरं? लाजच गेली असती.”

“वहिनींनी आमचीपण पिळून दिली,” शेजारीण म्हणाली. “नको म्हटलं तर ऐकतात कुठे!”

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी मास्तरांना दारापासून चार पावलं बाजूला नेऊन आवाज खाली आणला. “मास्तर, मला काहीतरी दाखवा हो. रिकाम्या हाताने गेलो तर दुसरी चिमणी झालीच म्हणून समजा. छातीचं दुखणं असलेलं कोणी आहे का? एक माणूस पुढे करा, मी सरकारी तपासणी लावतो.”

गल्लीतले लोक पायांकडे पाहू लागले. निम्म्यांचा पगार त्याच केंद्रातून येत होता.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. साबणाने तिची बोटं सुरकुतली होती, पण चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी टवटवी आली होती. आपण काहीतरी केलं, याचा तिला आनंद झाला होता. फक्त तिच्याकडे बोट दाखवायचं होतं.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “आजारी कोणी नाही.”

गाडी निघून गेली. “घात केलात मास्तर,” असं म्हणून शेजारणीचा नवरा घरात शिरला. तो म्हणाला ते खरंच होतं. त्याचीही लहान लेक रात्रंदिवस खोकत असे, हे मास्तरांना ठाऊक होतं.

“साहेब खूश झाले ना?” बायकोने विचारलं.

“झाले की.”

“पुढच्या वेळी दोन दिवस आधी सांगा. नीळ घालून ठेवीन.”

“सांगेन.”

ऊन तापल्यावर तिने चादर काढली आणि तिची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. दोघांनी चादर ताणली, झटकली, मधोमध दुमडली. टोकं जुळवायला ती त्यांच्याकडे निघाली आणि मध्येच थांबली.

“थांबा हं,” ती म्हणाली. “आलेच.”

मास्तर जागचे हलले नाहीत. पुढे झाले असते तर तिला ते आवडलं नसतं. चादर मातीला लागू नये म्हणून त्यांनी हात जरा उंच धरले.