मानेवरचा दगड

"आपल्याकडचे म्हातारे काय करायचे? सरळ मानेवर दगड घ्यायचे," असं म्हणत अस्मेलाशने कॉफीच्या बिया भाजायला कढई तेवेल्देच्या हातात दिली.

गोथेनबर्गच्या चर्चमागच्या खोलीत दर गुरुवारी हे एरिट्रियन पुरुष जमत. बायकोवर हात उचलला म्हणून सगळ्यांना कोर्टानेच धाडलेलं. आधीच्या स्वीडिश बाईंचं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं. आता शिकवणारा अस्मेलाश त्यांच्याच देशातला, त्यांच्या बोलीत टोमणे मारी आणि बायकांची कामं करायला लावी.

तेवेल्देने बिया करपवल्या. "निगिस्तीच्या हातून करपल्या तेव्हा काय केलंस रे?" अस्मेलाशने विचारलं. तेवेल्देने तापलेली कढई बायकोच्या अंगावर फेकली होती.

दगडाची रीत त्याला ठाऊक होती. अपराध्याने मानेवर दगड घेऊन दाराशी वाकायचं, आणि ज्याला दुखावलं त्याने 'ठेव खाली' म्हणेपर्यंत तसंच राहायचं. वाकलेल्याला नाही म्हणायचं नसतं. अस्मेलाशने ती गोष्ट झुकणं समजावं म्हणून सांगितली होती. निगिस्तीच्या दाराशी फिरकायचं नाही, कोर्टाची बंदी आहे, हेही बजावलं होतं. तेवेल्देने सोयीचं तेवढं ऐकलं.

रविवारी नदीकाठचा दगड उचलून तो तिच्या घराकडे निघाला. त्याला खरंच पश्चात्ताप झाला होता, हे सांगितलंच पाहिजे. निगिस्तीने एकदा दार उघडावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याची लेक फेवेन खिडकीत होती. "आई, बाबा दगड घेऊन आलाय," ती ओरडली आणि पलंगाखाली शिरली.

जिना चढून तेवेल्दे दाराशी वाकला. "निगिस्ती, बघ तरी. वाकलोय मी."

मग ती दाराआडून बोलली. "तिकडे अस्मारात दोनदा वाकलास. दोन्ही वेळा चार म्हातारे माझ्या तोंडाकडे बघत बसले, आणि मी 'ठेव खाली' म्हटलं. आता नाही म्हणणार."

"मान दुखतेय गं."

"माझीही दुखायची."

तो तसाच वाकून राहिला. ती म्हणेल, म्हणावंच लागेल तिला, रीतच आहे, असं त्याला वाटत होतं. तिने केव्हाच पोलिसांना फोन केला होता. जिन्यावर बूट वाजले. एक तरुण पोलीस बाई चार पायऱ्या खाली थांबली आणि कमरेशी हात नेऊन स्वीडिशमध्ये म्हणाली, "दगड खाली ठेव."

"ते तिने म्हणायचं असतं," तेवेल्दे आपल्या बोलीत म्हणाला. बाईला कळलं नाही. तिने पुन्हा तेच सांगितलं. तो दाराकडे बघत राहिला. दार बंदच होतं, आत फेवेन रडत होती. ती आपल्याला घाबरून रडतेय, हे त्याला तेव्हा कळलं.

मग त्याने दगड उतरवला आणि पायपुसण्यापासून बाजूला, भिंतीच्या कडेला ठेवला, बाहेर पडताना कुणाच्या पायाला लागू नये म्हणून.