डबीबंद डुकाट

बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन फसलं आणि सगळा राग निघाला माझ्यावर. डॉक्टरवर नाही, नशिबावर नाही, माझ्यावर. कारण ते दवाखान्यात असताना मी त्यांची नाणी डबीबंद करून आणली होती.

अठराव्या शतकातली, युरोपातली सोन्याची नाणी. बाबांनी जन्मभर दुसरा छंद केला नाही. पत्ते नाहीत, सिनेमा नाही, आईला विचाराल तर संसारसुद्धा नाही. इंग्लंडच्या गिन्या होत्या, फ्रेंच राजांची लुई नाणी होती आणि जीव की प्राण असा हॉलंडचा एक डुकाट होता. कागदासारखा पातळ, वर बाणांची जुडी धरून उभा शिपाई. बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला म्हणून मी सगळी तपासायला पाठवली. तपासणारी कंपनी नाणं पारखते, त्याची प्रत ठरवते आणि टणक पारदर्शक डबीत कायमचं बंद करून डबीवर नंबर घालते. डबी शाबूत असेपर्यंतच त्यांची हमी. डुकाटाला सगळ्यात वरची प्रत मिळाली, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं होतं.

बाबा घरी आले. मी मोठ्या ऐटीत डबी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट केली, नखाने वाजवली.

"हे काय आहे?"

"तुमचा डुकाट."

"हे प्लास्टिक आहे."

"आत आहे, बाबा. एकदम सुरक्षित."

"मग मी काय आत जाऊ?"

त्यानंतर घरात सुख असं राहिलं नाही. डोळे चांगले होते तेव्हाही बाबा नाणी अंगठ्याने ओळखायचे. कड चाचपायची, तळहातावर तोलायचं, की नाव तयार. आता तर त्यांना तेवढंच उरलं होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही, पण वरची प्रत हातची घालवायची म्हणजे जिवावर येत होतं. बाबा जेवताना डबी ताटाशेजारी ठेवायचे आणि टकटक वाजवत राहायचे. माझं डोकं फिरायचं.

"फोड ना एकदाची," बायको म्हणाली.

"प्रत जाईल."

"प्रत कुणाला दाखवणार आहेस? ज्यांचं नाणं आहे त्यांना तर दिसत नाही."

शेवटी पक्कड घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. आधी एका गिनीची डबी फोडली. सरळ दोन तुकडे झाले. बाबांनी गिनी घेतली, अंगठा कडेच्या तिरप्या रेघांवरून, मग मागच्या ढालीवरून फिरवला आणि कित्येक दिवसांनी हसले.

"ढालवाली गिनी. आता तो दे."

डुकाटाची डबी मात्र हट्टाला पेटलेली. कोपरा निघेना. मी वैतागून जोर लावला, पक्कड घसरली आणि सोन्याच्या कडेवर लांब ओरखडा उमटला. डुकाट तसाच नेऊन बाबांना दिला.

अंगठा कडेवरून निघाला आणि अडला. पुन्हा निघाला, पुन्हा तिथेच अडला.

"हा माझा नाही."

"तुमचाच आहे, बाबा. आत्ता पक्कड लागली. चुकलं माझं."

"माझ्या डुकाटाला ओरखडा नाही."

"नव्हता. आत्ता पडला."

"आंधळा झालो म्हणून काहीही हातावर टेकवशील?" आवाज जरासुद्धा चढला नव्हता. चढला असता तर भांडता तरी आलं असतं.

आई मध्ये पडली. बायकोने परोपरीने समजावलं. मी प्रमाणपत्र आणून नंबर मोठ्याने वाचून दाखवला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"हा नंबर नाण्यावर आहे की डबीवर?"

डबीचे तुकडे ओट्यावर पडले होते.

बाबांनी डुकाट माझ्या मुठीत परत कोंबला आणि स्वतःचा रिकामा तळहात तसाच पुढे धरून ठेवला.

"आण जा," ते म्हणाले. "मी बसलोय."