राहिलेली पाठवणी

माझी नात अंतरा हिने एका परदेशी सिनेमाखाली मराठी ओळी लिहिल्या, आणि तो बघायला मला शहाडहून डोंबिवलीला नेलं. शनिवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये तीस-चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी वाचायला शिकलो. खालची ओळ निम्मी वाचून होते तोवर दुसरी यायची. पण त्या सिनेमात बोलणं कमीच होतं.

थंड गावातला बस स्टँड. तिथे एक म्हातारा, काखेत बदक, हातात वाकडी तुतारी. गाव सोडून जो जाईल त्याच्यासाठी तो एक रडवी चाल वाजवतो. चाल इतकी गोड, की ती आपल्यासाठी वाजावी म्हणूनच लोक गाव सोडायला लागतात. न्हावी जातो, पाववाला जातो, पोलीस तर कोठडीतल्या एकुलत्या चोराला घेऊन जातो. हॉलमधली पोरं हसत होती, मीही हसलो. शेवटी गाव रिकामं होतं आणि म्हातारा स्वतः बसमध्ये चढतो. तुतारी खाली बदकापुढे ठेवतो. बदक नुसतं बघत राहतं. बस निघते. काही वाजत नाही.

तिथे पोरं सगळ्यात जास्त हसली. मला जमलं नाही.

बाहेर आल्यावर अंतराने विचारलं, "आबा, बोअर झालात का?"

"नाही गं. पण ती बस अशी मुकी जायला नको होती."

"तेच तर भारी आहे."

"आत बसलेल्याला विचार," मी म्हटलं.

मी तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवला. आमच्यात रीत अशी, की पाठवणीची चाल क्लॅरोनेटवाला उचलतो. त्याचा पहिला सूर आल्याशिवाय कोणी हात हलवत नाही. माझ्या मुलीच्या, नंदाच्या लग्नात आमचा ढोलवाला मारुती म्हणाला होता, "सीताराम, आज तू बाप आहेस. दुसरा माणूस आणू." मी म्हटलं, "माझ्या पोरीला मीच वाजवत घालवणार."

गाडीचं दार लागलं. मी क्लॅरोनेटची पत्ती ओठात धरली आणि फुंकरच येईना. माझी माणसं माझ्याकडे बघत उभी. मला मान म्हणून कोणी पुढे झालं नाही. गाडी निघून गेली. गावभरच्या पोरींना वाजवत घालवणाऱ्याची पोर मुक्यानेच गेली. या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. नंदा त्यावर कधी बोलली नाही. तिने मनात काय धरलंय ते विचारायची मला भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी पेटी काखेत मारून खडवलीला तिच्याकडे गेलो. ती मेथी निवडत होती.

"हे काय आणलंत, बाबा?"

"क्लॅरोनेट. नंदा, त्या दिवशी गाडीत वाट बघितलीस का गं?"

कुठला दिवस, हे तिने विचारलं नाही. दोन काड्या निवडल्या.

"पूल येईपर्यंत. काच खाली ठेवली होती. हे म्हणाले, वारा लागतोय. मी नाही लावली." मग म्हणाली, "परक्या पोरींसाठी तुम्हाला भरून येतं, माझ्या वेळी आलं नाही, असं धरून चालले मी."

"उलटं झालं गं. फुंकर आली नाही."

"मग तेव्हाच सांगायचं की."

"कसं सांगू?"

"चोवीस वर्षांत एकदा पण फुंकर आली नाही?" ती हसली, पण डोळे भाजीवरच.

"आता वाजवू?"

"आता? कुकर लावलाय."

मी पेटी उघडून पत्ती ओली करत बसलो. तिसरी शिट्टी झाली. तिने गॅस बंद केला, खिळ्यावरची पिशवी घेतली, चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"कोथिंबीर राहिलीय." फाटकाशी जाऊन तिने पदर खांद्यावरून घेतला. "चला बाबा, मी निघते."

मग मला कळलं. मी उभा राहिलो आणि सूर दिला. म्हातारी छाती, दर दोन ओळींना श्वास तुटत होता. शेजारचे गॅलरीत आले. नंदा रस्त्याने चालत राहिली, मागे वळली नाही. कोपऱ्यावर मात्र थांबली, चाल संपेपर्यंत पाठमोरी उभी राहिली, आणि मगच वळणापलीकडे गेली.

बऱ्याच वेळाने परत आली. कोथिंबीर आणायला विसरली होती.